इंजिनाची दुसरी बाजू

३ जानेवारी
किसन, उशीर झाला, राग धरू नकोस. ही डायरी तू दिवाळीला दिलीस, रोज दोन ओळी लिही म्हणालास, आणि मी आज बसतोय. सातवी नापास माणूस, पेन धरलं की हात जड होतो.
इंजिन पुरं झालं. खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला माझा पाव इंच. पत्रा तेलाच्या डब्यांचा, जाळीला पिठाची चाळणी. दौंडला माझं पत्र्याचं दुकान यार्डाच्या कुंपणाला लागून होतं. समोरून हे शंटिंगचं डिझेल दिवसभर डबे ढकलत जायचं. पोचा कुठं, गंज कुठं, सगळं घेतलंय.
आमच्या पोराला, बाळूला, पसंत पडलं. कामावरच्या साहेबांच्या वाढदिवसाला काचेच्या पेटीत घालून देतो म्हणाला. मी हो म्हणालो.

७ जाने.
किसन लेकीकडे शिरूरला आला होता, इकडे डोकावला. इंजिन हातात घेऊन उजेडाला धरलं, एकेक पोचा बोटानं चाचपला. मला बरं वाटलं. मग फिरवून पलीकडून बघितलं.
“अण्णा, ही बाजू आरशात बघून केली व्हय?”
खरं आहे. यार्डातलं इंजिन पुढं जातं, मागं येतं, तोंड काही फिरवत नाही. दुकानातून जन्मभर एकच कूस बघितली. दुसरी कधी पाहिलीच नाही, आणि हे ध्यानातही आलं नाही. पहिलीसारखीच ठोकली.
कि. सांगतो, तिकडं दारं कमी, मधे मोठी जाळी. आणि एक दार दुसऱ्याच इंजिनाचं बसवलेलं, निळं.
“कितवं?”
“तिसरं. न्हाई, चौथं. आता न्हाई बाबा आठवत.”
रेल्वेतली सारी नोकरी त्या इंजिनाच्या पायरीवर उभं राहून केली आणि दार आठवत नाही. जाताना म्हणाला, ते आता बंद आहे, कडेच्या रुळावर उभं. भंगारात निघालंय.

८ जाने.
बाळूला म्हटलं, दौंडला जाऊन येतो. दुसरी बाजू बघायचीय.
“पेटी भिंतीला लावून ठिवायची हाय, अण्णा. मागची बाजू कोण बघतंय?”
“मी.”
“छातीचं आपरेशन झालंय तुमचं. यष्टीत काय झालं म्हंजी?”
खोटं बोलत नाही तो. मलाही तीच धास्ती. पण माझं इंजिन कुणाच्या दिवाणखान्यात पाठ लपवून उभं राहणार नाही.

१० जाने.
गेलो. सूनबाई दळणाला गेली तेवढ्यात निघालो. गोळ्या एका खिशात, नावगावाची चिठ्ठी दुसऱ्या. मांडवगणपर्यंत छाती दुखतेय असं वाटत राहिलं. दुखत नव्हती.
कि. स्टेशनावर. इंजिन दिसलं. तीच बाजू. पलीकडे रिकाम्या वॅगनी अशा खेटून उभ्या की मधे माणूस शिरायचा नाही. तिकडून फिरून जावं तर भिंत.
“पूल चढतो,” म्हटलं.
“चढशील, आन् मला तुला खाली आणावं लागंल.”
चढलो. दर पायरीला थांबलो, पण चढलो. कि.च जास्त धापत होता.
वरून छप्पर दिसलं. हेही कधी पाहिलं नव्हतं. मी लाल गुळगुळीत केलंय, ते तर धुरानं काळं ठिक्कर. पंख्याच्या जाळीत पिंपळाचं रोप. आणि वॅगनींच्या फटीतून पलीकडच्या अंगाला टिचभर निळं. दार कितवं ते नाही कळलं. पण निळं आहे.

११ जाने.
बा. काल ओरडला. ऐकून घेतलं.
आज सकाळी कातर घेतली आणि मागची बाजू कापून काढली. आतला सांगाडा दिसायला लागला. कातर नीट चालली.
“ह्ये काय केलंत? परवा वाढदिवस हाय. साहेबांना काय देऊ?”
“हार दे.”
तेव्हापासून बोलत नाही.

१३ जाने.
बा. हार घेऊन गेला. मान वर केली नाही. वाईट वाटलं, पण इंजिन दिलं नाही.
सूनबाईनं चहा ठेवला. जाता जाता म्हणाली, “छप्पर काळं करायचं ना? तव्याच्या बुडाची काजळी देते काढून. रंगाला तसला काळा यायचा न्हाई.”
लावून बघितली. बरोबर तोच.

१५ जाने.
कि.चा फोन. या आठवड्यात ओढून नेणार. “वढताना वॅगनी काढतील, तवाच पल्याडची बाजू मोकळी दिसंल. मग थेट कापायलाच.” दिवस कोणी सांगत नाही.
बा.नं आज तोंड उघडलं. “आता परत जायचं न्हाई.”
“जाणार.”
“मग मला सांगून जावा.” एवढंच बोलून कामावर गेला.
इंजिन टेबलावर आहे, एक कूस उघडी. निळ्या रंगाची डबी आणून ठेवलीय, झाकण उघडलेलं नाही. अंदाजानं दार बसवणार नाही. साहेब काय, कुणीही मागू दे.
चपला दारात. गोळ्या खिशात. फोन सारखा बघतोय, आवाज बंद तर नाही ना.
किसन, वॅगनी हलल्या की लगेच कळव. बोलायला सवड नसली तर नुसती रिंग दे. मी निघतो.