कावळे, कुरडया आणि ग्रीनहाऊस

२ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. यंदा वाळवणाच्या राखणीला बसणार नाही.

गेल्या वर्षी सबंध एप्रिल मागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर, कुरडयांच्या शेजारी, हातात काठी घेऊन कावळे हाकले. अंबरनाथच्या कारखान्यात ज्याच्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नसे, तो मी. वरच्या मजल्यावरचे कैलास रोज गॅलरीतून विचारायचे, काय साहेब, ड्युटी चालू का. रिटायर झाल्यापासून मला कोणी विचारलेला हा एकमेव प्रश्न. वाईट वाटायचं.

उपाय सापडला आहे. ग्रीनहाऊस. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. एक गोरा माणूस चक्क स्वेटर घालून आत टोमॅटो तोडत होता. आत स्वेटर लागतो म्हणजे थंडावा किती असेल. बदलापूरला हेच हवंय.

५ फेब्रुवारी

सुनेत्राला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, गच्चीवर सोलरचे पत्रे बसले, आता ऊन येतं ते फक्त आपल्या अंगणात. होळी झाली की कुरडया घालायच्या आहेत, तेव्हा जागा रिकामी हवी. मी म्हटलं, तोवर स्ट्रॉबेरी लागलेली असेल, तूच म्हणशील कुरडया राहू देत. ती भाजी निवडत राहिली. होकार समजलो.

९ फेब्रुवारी

कोणतं किट घ्यावं यावर अभ्यास. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त होतं त्याखाली एकाने लिहिलं होतं, पहिल्याच वाऱ्यात उडालं. लोकांना बांधता येत नाही आणि नावं वस्तूला ठेवतात. तरी वस्तू डोळ्यांनी बघून घ्यावी म्हणून उल्हासनगरला कॅम्प पाचला गेलो. सिंधी दुकानदाराने गेल्या गेल्या मला आदराने साईं म्हटलं. डिझाइन जर्मनीचं, माल इथलाच, म्हणाला. म्हणजे दोन्हीकडचं उत्तम. वॉरंटीचं विचारलं तर त्याने चहा मागवला. चांगला माणूस. ऑनलाइनपेक्षाही स्वस्त दिलं.

१५ फेब्रुवारी, सकाळी

खोका उघडला. पाइप, जॉइंट, प्लास्टिकचा झगा, चेनचं दार, जाळीच्या खिडक्या. कागदावरच्या चित्रात चार माणसं मिळून उभारताना दाखवली आहेत. उगाच घाबरवतात. कागद बाजूला ठेवला.

संध्याकाळी

उभं राहिलं. दोन पाइप आणि मूठभर जॉइंट उरले. कंपन्या हल्ली जास्तीचं देतात. दार कंपाउंडच्या भिंतीकडे आलं आहे. पोट आत घेऊन, आडवं सरकत गेलं की जाता येतं. सिक्युरिटीच्या दृष्टीने हेच बरं.

१६ फेब्रुवारी

सकाळी ग्रीनहाऊस जागेवर नव्हतं. कैलासांच्या स्कूटरवर पालथं पडलं होतं. शहाबादी फरशीत खुंट्या जात नाहीत, हे जर्मन लोकांनी लक्षात घ्यायला हवं होतं. कैलासांनी उचलायला हात लावला, आणता आणता दारही घराच्या बाजूला आलं. मी ते फिरवणारच होतो. कोपऱ्यांवर वजन म्हणून पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि विटांची थप्पी. दुपारी सुनेत्रा घरभर वरवंटा शोधत होती. मी पेपर वाचत होतो.

२३ फेब्रुवारी

रोपं आणली. स्ट्रॉबेरी आणि ढोबळी मिरची. सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं की पाडव्याला प्रत्येक घरी स्ट्रॉबेरी पोचेल. कैलासांनी अंगठा दाखवला. बाकीचे वाचून गप्प. जळतात.

पुण्याहून सईचा फोन. म्हणाली, बाबा, खिडक्या उघड्या ठेवा हं. मुलगी हुशार आहे, पण कॉम्प्युटरवाली. खिडक्या उघडल्या तर आतला थंडावा बाहेर जाईल. जाळ्यांवरच्या प्लास्टिकच्या झडपा चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्क्या केल्या.

३ मार्च

आत गेलो की चष्म्यावर वाफ धरते. बनियन पिळून वाळत घातला. रोपांना दमट हवा मानवते असं कुठेतरी वाचलंय. थंडावा बहुधा सावकाश तयार होतो.

८ मार्च

पानांच्या कडा तपकिरी. नव्या जागी रुळताहेत.

११ मार्च

मिरची आडवी झाली. विश्रांती. टेबलफॅन नेऊन लावला. गरम वारा घोंगावायला लागला, मीच बाहेर आलो. सुनेत्राने दारातून पाहिलं. काही म्हणाली असती तर उत्तर तयार होतं.

१४ मार्च, धुळवड

सगळं मेलं. स्ट्रॉबेरीचं पान हातात घेतलं तर चहापत्तीसारखं चुरलं. आत उलट्या बादलीवर बसून राहिलो. बाहेर सगळे रंग खेळत होते. ग्रुपवर काय सांगायचं? आणि तिने गहू भिजत घातलेत. मला न सांगता.

१६ मार्च

एक आठवडा मागितला. दुसऱ्या जातीची रोपं आणतो म्हटलं. सुनेत्रा म्हणाली, माझे गहू आठवडाभर थांबणार नाहीत. उद्या चीक शिजवणार, अंगण रिकामं करा. मला पाइप सुटेनात. जॉइंट घट्ट बसलेत. इतकं पक्कं काम हाताखालच्या कुणी कारखान्यात केलं असतं तर मी पाठ थोपटली असती.

१७ मार्च

सकाळी सुनेत्रा स्वतः आत शिरली. लगेच पदराने तोंड पुसत बाहेर आली. उभी राहिली. पुन्हा आत गेली. मग माझी चिकटपट्टी टराटरा काढून तिने खिडक्यांच्या झडपा वर गुंडाळल्या, जाळ्या तेवढ्या ठेवल्या. कुंड्या बाहेर. आत खाट, खाटेवर जुनी साडी, साडीवर कुरडया. मला सोऱ्या धुवायला सांगितला.

१८ मार्च

कुरडया खडखडीत. धूळ नाही, माशी नाही. कावळे छपरावर बसले आणि घसरले.

२३ मार्च

बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे, मिरच्या घेऊन आमच्या अंगणात. सुनेत्रा सगळ्यांच्या पाळ्या लावते. ग्रुपवर त्याला वाळवणघर म्हणतात. स्ट्रॉबेरीचं नाव कोणीच काढलं नाही. मी लिहिलं की उष्णतेचा असा वापर हा मूळ प्लॅनचाच भाग होता. खाली कोणीतरी विचारलं, मीनलताईंची पाळी उद्या की परवा.

सुनेत्रा सईला फोनवर म्हणत होती, तुझ्या बाबांनी या वर्षी खरंच कामाची वस्तू आणली. मी दाराआड उभा राहून ऐकलं. बरं वाटलं. पुढचं ऐकायला नको होतं. म्हणाली, आता त्यांनी उन्हात बसायचीही गरज नाही.

३० मार्च, पाडवा

दुपारी जेवल्यावर करमेना. सवयीने मागे गेलो. एवढा माल आत आहे, कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. खुर्ची वाळवणघरात, तिच्यावर पापड्यांची परात. काठी शोधली. ती सकाळीच धुऊन गुढीला लावली आहे. साडी, गाठी, वर तांब्या. फार छान दिसते.

सुनेत्रा प्रेमाने म्हणाली, अहो, इथे काही काम नाही, आत पंख्याखाली पडा जरा.

तरी थोडा वेळ भिंतीला टेकून उभा राहिलो. एक कावळा आला, जाळीतून आत बघितलं, उडून गेला. मी हातसुद्धा उचलला नाही. कैलास गॅलरीत आले. गुढीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघितली.

त्यांनी काही विचारलं नाही.