टप तुझ्या खोलीत आहे

प्रिय गुंड्या,

तुझा निरोप मिळाला. जीपचा काढलेला टप उभा ठेवलाय की आडवा, रबराला पावडर लावली का, मागची काच शाबूत आहे ना, आणि गाडी बघायला गिऱ्हाईक कधी पाठवू, सगळं विचारलंस. फोनवर सांगता आलं असतं, पण तू जागा असतोस तेव्हा मी घरी असते आणि घरात बाबा असतात. म्हणून काम संपल्यावर लॅबमध्येच लिहायला बसले आहे. बसले म्हणजे काय, दोनदा उठून खिडकी लावली आणि पुन्हा उघडली. हल्ली एका जागी बसवत नाही मला. घरात राहून लागलेली सवय.

आधी टपाचं सांगते. तू गेलास तेव्हा तो गाडीवरच होता. बाबांनी एका सकाळी पाना घेतला आणि बोल्ट सोडवायला सुरुवात केली. वॉचमन, बाबा, मी आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर अशा चौघांनी तो उचलला, आणि उचलल्यावर लक्षात आलं की ठेवायचा कुठे हे कुणी ठरवलेलंच नाही. चौघं चार कोपरे धरून तसेच उभे. शेवटी डॉक्टर हळूच म्हणाले, "काका, माझा पेशंट तोंड उघडून बसलाय हो."

तेव्हा भिंतीला टेकवून ठेवला. मग बाबांनी पट्टे आणि कप्पी आणून तो पार्किंगच्या छताला, गाडीच्या बरोबर वर टांगला. झकास बसला होता, पण सोसायटीच्या सेक्रेटरींनी मान वर करून पाहिलं आणि आग विझवायच्या पाण्याचा पाइप त्याच्यामागे झाकला गेलाय, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांचं खोटं नव्हतं. मग टप गच्चीवर गेला, ताडपत्रीखाली. तिथे वाऱ्याने सरकायला लागला. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटायचं, कुणी डोक्यावर कपाट ओढतंय. त्यांनी बिल्डिंग डोक्यावर घेतली. शेवटी घरात आणायचं ठरलं. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने उतरवला, तर वळणावर असा अडकला की वरचे वर आणि खालचे खाली. बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे. पण त्या दिवशी ते एकदाही कुणावर ओरडले नाहीत, उलट जो भेटेल त्याला "जरा हात लावता का" असं विचारत होते. मला तेच बघवलं नाही.

हॉलमध्ये ठेवला तर बाल्कनीचं दार अडलं आणि आईने सगळं घर उलथंपालथं केलं. म्हणून तुझी खोली. तुझी कॉट खोलून भिंतीला लावली आहे. टप जुन्या गादीवर उभा आहे, पट्ट्याने खिडकीच्या गजांना बांधलेला. पावडर लावली आहे. काच शाबूत आहे. आई त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालते, तेवढं चालवून घे.

सगळे एकच विचारतात, एवढा खटाटोप करण्यापेक्षा तो गाडीवरच का नाही बसवत? बाबा सांगतात, वारा बरा लागतो. खरं कारण तुला कळवायचं नाही, असं त्यांनी घरात ठरवून टाकलंय. परक्या मुलखात एकटा आहे, त्याचा जीव कशाला टांगणीला लावायचा, म्हणतात. तू फोनवर "आई, जेवलीस का" विचारतोस आणि ती "हो, तू जेवलास का" म्हणते ना, तेव्हा बाबा तिच्यासमोर बसून ओठ हलवत असतात. ते बघून ती बोलते.

आधी तिला बाथरूमची कडी नको झाली. मग लिफ्ट. मग मावशीकडून येताना सिग्नलला गाडी थांबली आणि ती दोन्ही तळव्यांनी काचेवर मारायला लागली. मला बाहेर काढा, मला बाहेर काढा, एवढंच. गाडी सुटल्यावर तिने चालत्या गाडीचं दार उघडलं. मी मागून तिचा पदर धरला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पाना घेतला.

डोक्यावर काही नसलं की ती निवते. दिवसभर दारापासून बाल्कनीपर्यंत येरझारा घालते, भांडी या फळीवरून त्या फळीवर ठेवते, पिशवी भरून घरी जायला निघते. घरातच आहेस असं सांगितलं तर आपल्याकडे अशी बघते की सांगणाराच खोटा वाटतो. संध्याकाळी बाबा तिला स्कार्फ बांधतात, सीटचा पट्टा लावतात आणि उघड्या जीपमधून तलावाच्या रस्त्याने फिरवून आणतात. आली की जेवते, झोपते. पाऊस असला तर दोघं पार्किंगमध्येच गाडीत बसून राहतात. तिचे मेंदूचे डॉक्टर म्हणतात, हे आता वाढत जाणार.

परवा मीही त्यांच्याबरोबर गेले, मागे बसले होते. पुलाच्या वळणावर आईने बाबांच्या दंडावर हात ठेवला आणि अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "गुंड्या, हळू चालव. बाबा घरी वाट बघत असतील." बाबांनी मान वळवली नाही. म्हणाले, "हो आई, हळूच चालवतोय." इतकं सहज म्हणाले की हे आजचं नाही, हे मला कळलं. ती तू कुठे आहेस असं कधीच का विचारत नाही, याचं मला कोडं होतं. तू तिला रोज भेटतोस. घरी आल्यावर तिने चपला काढल्या आणि बाबांना सांगितलं, गुंड्या आला होता, वाळलाय जरा. बाबांनी विचारलं, हो का, आणखी काय म्हणाला? मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून नुसतेच उभे राहिले. गुंड्या, गिऱ्हाईक पाठवू नकोस. तू ये. ती तुला ओळखेल की नाही, मला सांगता येत नाही, पण गाडी तू चालव. एखाद्या संध्याकाळी तरी बाबांना तिचा नवरा म्हणून गाडीत बसू दे.

वाट बघणारी, तुझीच,
ताई