शाकीबच्या यादीतली ढोलकी

अकोला
१८ जानेवारी २००७

प्रिय शाकीब,

तुझी यादी मिळाली. फोनवर तू हसतोस आणि मी मुद्द्याचं विसरतो, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. कॉम्प्युटर, साउंड कार्ड, मोठा माइक, हेडफोन, दोन स्पीकर आणि सॉफ्टवेअर. चपराशीपुऱ्यातल्या तुझ्या मागच्या खोलीत स्टुडिओ होणार आणि त्यात काय घ्यावं हे तू मला विचारतोस. वीस वर्षं तू गातोस आणि मी ढोलकी वाजवतो. आजवर नवी पेटीसुद्धा मला विचारून आणली नाहीस. मग आताच सल्ला कशाला हवा, हा माझा पहिला संशय. राग मानू नकोस. जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळून माझी नजरच तशी झाली आहे, साध्या पाकिटालाही मी उजेडात धरून बघतो.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. तो मोठा, कंडेन्सर माइक घेऊ नकोस. दुकानदार म्हणाला असेल, त्यात बारीकातलं बारीक येतं. येतं ना, शेजारणीचा मिक्सर येतो, रस्त्यावरचा ऑटोही येतो. स्टेजवरचा साधा माइक समोरच्याचंच ऐकतो, बाकीच्या भानगडीत पडत नाही. हेडफोन मात्र कान पूर्ण झाकणारा घे, नाहीतर त्यातलं गाणं पुन्हा माइकात शिरेल. सॉफ्टवेअर दुकानदार फुकट टाकून देणार म्हणतोस. उद्या कॉम्प्युटर बंद पडला आणि या भल्या माणसानं फोन उचलला नाही, तर अर्धं गाणं आतच राहील. आणि त्या सॉफ्टवेअरात म्हणे तयार ढोलकी असते! हे तू यादीत अगदी शेवटी, बारीक अक्षरात लिहिलंस. मी ते सगळ्यात आधी वाचलं.

मला संशय का येतो ते तुलाही कळतं. कापसाचं बिघडलं तसे गावोगावचे कार्यक्रम आटले. अंजनगावकडे भीमजयंतीला आपली आठ माणसांची पार्टी जायची, आता तेच लोक म्हणतात, एक गायक पाठवा, बाकीचं सीडीवर वाजवा. मग तुला ते सरकारी गाणं मिळालं, शेतकऱ्यांनो हिंमत सोडू नका म्हणणारं. तेव्हाच माझ्या मनात आलं, की शाकीबला आता माझा हात हवा आहे, मी नको आहे.

कारण पावसाळा संपता संपता तू तुझा छोटा रेकॉर्डर माझ्याकडे ठेवून गेलास. "भाऊ, एकेक थाप अलग अलग वाजव. मधात चूप राय," एवढंच बोललास. लोक ठेका मागतात, सुटी थाप कोण मागतं? सोनं घेताना सोनाराची करावी इतकी चौकशी मी त्या दिवशी तुझी केली. ऑफिसातल्या पोरीनं सांगितलं, अशा थापा एकदा आत गेल्या की कॉम्प्युटर त्या जोडून हवा तो ठेका करतो, वाजवणाऱ्याला परत बोलवावं लागत नाही. म्हणून मी तुला फसवलं. हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले. रविवारी दुपारी मी ढोलकी दुर्गापुढे ठेवली आणि म्हटलं, तूच वाजव, थाप नवऱ्याची का बायकोची, मशीनला काय कळतं. तिचे वडील पुंजाजी भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचे, एवढंच मला ठाऊक होतं. तिनं पदराला हात पुसले, सुरासाठी कड्या ओढल्या, एकदा कान लावला आणि अठरा थापा दिल्या. मी खाटेवर पडून हसत होतो. नीट ऐकलंसुद्धा नाही, आणि माझ्याच थापा म्हणून रेकॉर्डर तुला परत दिला.

मागच्या महिन्यात ते गाणं आमच्या ऑफिसच्या आवारात भोंग्यावर लागलं. उत्तमराव हेडक्लार्क बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "शालिकराम, थाप तं तुयीच हाये, लपत नाई." मी मान डोलावली. शाकीब, मी मान डोलावली! घरी येऊन दुर्गाला सांगितलं, तर ती भाकऱ्या करत राहिली. त्याचाही मला संशय आला. फार खोदलं तेव्हा म्हणाली, "वीस वर्सं तुमी वाजवून राह्यले, मी आयकून राह्यली. तुमी हापिसात गेले का मंग माया हात चालते." तू पाठवलेली बिनकव्हरची सीडी लावून मी पुन्हा ऐकली. डाव्या हाताची ती घुमणारी थाप माझ्याकडून इतकी स्वच्छ कधी पडली नाही. मला तिचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला याची लाज वाटली.

आणि काल तुझा फोन. पहिल्या गाण्याची घाई होती, मला रजा मिळत नव्हती, म्हणून त्या सुट्या थापा घेतल्या म्हणालास. आता स्टुडिओ होतोय तो दोघांचा, रविवारी ये, समोर बसून वाजव. त्या गाण्याच्या सीडीचं कव्हर सोमवारी छापायला जातंय आणि त्यावर माझं नाव तुझ्या नावाइतकंच मोठं टाकलंयस, हेही सांगितलंस. लाइन खराब आहे म्हणून मी फोन ठेवला. लाइन चांगली होती. हे पत्र त्यासाठी आहे. ते नाव काढ. रविवारी सकाळच्या एसटीनं दुर्गा येईल, तिला समोर बसवून वाजवायला सांग, म्हणजे मी खरं लिहितोय हे तुला कळेल. मी येत नाही. मी आलो तर सवयीनं ती ढोलकी माझ्याकडेच सरकवेल. कव्हरवर नुसतं दुर्गाबाई लिही. बायकांच्या नावापुढे नवऱ्याचं लावतात तसं माझं लावू नकोस. तो हात मी शिकवलेला नाही.

तुझाच,
शालिकराम