आधीपासून असलेली खिडकी

आदरणीय ताई,

मानवी हक्कांच्या तज्ज्ञ म्हणून तुम्ही आमचा तुरुंग पाहायला आलात, तेव्हा कोठडीत उजेड कुठून येतो असं विचारलंत. माझ्या कोठडीतले म्हातारबाबा म्हणाले, "दारातून. दार उघडलं तर." तुम्ही हसला नाहीत, लिहून घेतलंत.

तुमच्या अहवालावर परदेशात मोठ्या सभेत चर्चा झाली. आमच्या सरकारच्या माणसानं छातीठोकपणे सांगितलं, प्रत्येक कोठडीला खिडकी आहे. लगेच इथे गवंडी आला. पहारेकरी वैतागून मला म्हणाला, "काका, सरका जरा. साहेब तिकडे बोलून बसलेत, आता भोक पाडणं आलं!"

आता सकाळी ऊन आत येतं. बाबा त्यात पाय पसरून बसतात, मी शेजारी डोळे मिटून देवाचं नाव घेतो. सुटकेचं मागणं आहेच, पण तेवढा वेळ ते मागायचं राहून जातं.

हे पत्र मी धाडणार नाही. आमची पत्रं जेलरसाहेब वाचतात. तुमचे आभार मानले तर खिडकी नवी आहे हे मी बाहेर कळवतोय असं त्यांना दिसेल, आणि चिडून ते ती बुजवतील. म्हणून तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो. ती साहेबांच्या टेबलावरून जात नाही.

आपला,
उन्हात बसलेला काका