न उचललेल्या फोनचं बिल

१२ मार्च
मोबाइलचं बिल आलं. एकोणतीस हजार आणि वर काहीतरी. आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं चुकून आपल्याकडे आलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नाव माझंच, नंबर माझाच. एरवी चारशेच्या आत असतं.
सगळा आकडा मॉरिशसच्या आठवड्याचा. 'परदेशातील इनकमिंग.' आता गंमत अशी, की त्या बेटावर मी एकही फोन उचलला नाही. लेकीनं, गायत्रीनं, निवृत्तीची भेट म्हणून आम्हा दोघांना तिकडे पाठवलं. तिच्या पैशानं गेलो म्हणून फुकट उधळायचं थोडंच. रोमिंगचा पॅक घेतला नाही. हॉटेलात वायफाय होतं, फोटो त्यावरून गेले. फोन वाजला की नुसतं नाव बघायचं आणि वाजू द्यायचं. बहुतेक वेळा आईच.
बायकोला, सुनंदाला, बिल दाखवलं. म्हणाली, "समुद्रात पाय तरी बुडवायचे होते जास्त. एवढ्यात ती महाग म्हणून सोडलेली बोटीची सफरसुद्धा झाली असती."

१३ मार्च
कस्टमर केअर. मराठीसाठी दोन दाबा. दाबलं. पुढचं सगळं हिंदीत.
शेवटी एक पोरगी मराठीत बोलली. "सर, कॉल रिसीव्ह झालेले दिसतायत."
"कुणी केले रिसीव्ह?"
"तुमच्या नंबरवर झालेत, सर."
"मी उचललेच नाहीत."
"मी तुमची अडचण समजू शकते."
तिला काय समजणार, मलाच समजत नाहीये. एकेक कॉल बारा-पंधरा मिनिटांचा. एवढा वेळ तर मी लग्नाच्या बोलणीतसुद्धा बोललो नव्हतो.
तक्रार नोंदवली. आपला दिवस शुभ असो म्हणाली.

१५ मार्च
मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेलो. एसी, गुळगुळीत फरशी, टोकन. काउंटरवर पूर्वा नावाची मुलगी, गायत्रीपेक्षा लहान. ऐकून घेतलं बिचारीनं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. सगळे कॉल आईच्या नंबरवरून. सगळे 'उत्तर दिलेले'.
मी म्हटलं, बाई, तीस वर्षं टूलरूममध्ये काढलीत, मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस आहे, उचललेला आणि न उचललेला फोन यातला फरक मला कळतो.
ती म्हणाली, "सर, सिस्टिम खोटं नाही ना बोलत."
म्हणजे मी बोलतो. तिथून उठलो आणि रिक्षा केली.

१९ मार्च
रंगपंचमी. रहाडीवरून, त्या रंगाच्या हौदात उड्या मारून, पोरं परतताना दिसली. मी बाल्कनीत, कोरडा.
मेसेज आला: आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण करून ती बंद करण्यात आली आहे.
समाधान कुणाचं?

२१ मार्च
आउटगोइंग बंद केलं मेल्यांनी. इनकमिंग चालू.
बाकीच्यांचं काही नाही, सु.चा फोन आहे. प्रश्न आईचा. ती सटाण्याच्या पुढे, गावी. शेजारच्या दारात दिलीप, माझा धाकटा भाऊ. आईचा रिवाज असा: सकाळी चहा झाला की मला मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग, कट. मग मी लावायचा. तिचा रिचार्ज वाचावा म्हणून फार पूर्वी मीच शिकवलेलं. आता तिलाही सगळं फुकटच आहे, पण सवय मोडली नाही.
आज मिस्ड कॉल आला आणि मला लावता येईना. सु.च्या फोनवरून लावला, उचलला नाही. दिलीपनं तिला बजावून ठेवलंय, माझ्या नावाची वेगळी रिंग वाजली तरच घ्यायचा, बाकी सगळे चोर.
पुन्हा एक रिंग, कट. पुन्हा. फोन हातात धरून बसलो, वाजल्याबरोबर झडप घालायची. माझा हात काही तेवढा चपळ राहिला नाही. चार वेळा हुकला.
शेवटी दिलीपला निरोप दिला. तो म्हणाला, ती ओट्यावर बसून रडतेय, माझ्या भास्करला काही झालं म्हणतेय.

२२ मार्च
गायत्रीचा पुण्याहून फोन, सु.च्या फोनवर. "बाबा, मी भरते. नाहीतर सोडून द्या तो नंबर, नवीन घ्या."
भरायला माझ्याकडे नाहीत असं नाही. पण न खाल्लेल्या जेवणाचे पैसे का द्यायचे? आणि नवीन नंबर तर नकोच. आई हल्ली बरंच विसरते. जेवली का ते विसरते, सु.चं नाव विसरते, परवा दिलीपलाच विचारलं तू कोणाचा. हा नंबर मात्र तोंडपाठ. बटणं बघतसुद्धा नाही. हा गेला तर नवीन काही तिच्या डोक्यात शिरणार नाही.
गायत्री म्हणाली, "मग निदान तेव्हा उचलायचे तरी होते तिचे फोन."
मायलेकी एकाच शाळेतल्या.

२४ मार्च
पुन्हा गॅलरी. आज ओरडलो नाही. सरळ सांगितलं, पूर्वा, माझी म्हातारी आई आहे, तिला एवढा एकच नंबर येतो. तिनं वर कुणाला तरी लावला. तक्रार पुन्हा उघडली, आउटगोइंग सुरू झालं. पण फक्त ३१पर्यंत. निकाल नाही लागला आणि पैसेही नाही आले, तर एक तारखेपासून येणं-जाणं दोन्ही बंद.
घरी आल्याआल्या आईला लावला. तिचं नेहमीचं, "जेवना का रे?" म्हटलं हो, जेवलो. तब्येत? बरी. "हं, ठेव मग." फोन निरोपापुरता असतो, असं माझं पहिल्यापासून मत.

२५ मार्च
दिलीपशी बोललो, कांद्याचं विचारलं. काढणी चालू आहे. जाता जाता तो म्हणाला, "भाऊ, तू आईशी रोज दुपारी एवढा काय बोलतो रे? ती ओट्यावर बसून खदाखदा हसते. आधी नव्हता तू असा गुणाचा."
मी म्हटलं, दुपारी? दुपारी तर मी फोन सायलेंटवर टाकून झोपतो.
"मग भुताशी बोलते का ती?"
हसलो दोघं. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, पुढे पुढे नसलेल्या माणसांशी बोलतील. एवढ्या लवकर?
पण बिल? भुताचं बिल कसं येईल?

२७ मार्च
पूर्वाचा फोन. "सर, तुमच्या नंबरवर कॉल फॉरवर्ड लागलंय. तुम्ही उचलला नाही तर कॉल दुसऱ्या नंबरवर जातो. तुम्ही परदेशात असताना तो भारतातून तिकडे गेला, तिकडून परत भारतात आला. दोन्ही बाजूंचे पैसे तुमच्यावर."
म्हणजे मी उचलला नाही म्हणून पैसे लागले! उचलून 'ठेव' म्हटलं असतं तर शंभर-दोनशेत भागलं असतं.
"कुठल्या नंबरवर जातो?"
तिनं सांगितला. ऐकता ऐकताच ओळखला.
सातपूरच्या आमच्या कारखान्याचं गेट. आत मशिनवर मोबाइल न्यायची बंदी, फोन लॉकरमध्ये. घरचं काही तातडीचं असलं तर कळावं म्हणून आम्ही टूलरूमवाल्या सगळ्यांनी न उचललेले फोन गेटच्या केबिनकडे वळवून ठेवले होते. वॉचमन चिठ्ठी लिहून आत पाठवायचा. वडील गेल्याची चिठ्ठी मला तशीच आली.
मागच्या वर्षी निवृत्त झालो. लॉकरची चावी दिली, ओळखपत्र दिलं, बूटसुद्धा परत केले. हे काढायचं राहिलं.

२८ मार्च
सातपूरला जाऊन आलो. पहिली पाळी सुटायच्या आत.
गेटवर कैलास. सुरगाण्याकडचा, माझ्या शेवटच्या वर्षात लागलेला. मला बघून उभा राहिला आणि त्याचा चेहराच पडला. म्हणजे ओळखलं त्यानं, कशाला आलो ते.
"साहेब, मी पहिल्या दिशी सांगलं तिला, आजी, मी गेटवरचा हाय, साहेब इथं नाय. ती म्हने, जेवला का? म्हनलं जेवलो. मंग म्हने, काय भाजी व्हती? आता भाजी इचारल्यावर काय फोन ठेवू?"
मी म्हटलं, "अरे, मग मला कळवायचं."
"तुमचा नंबर लावला दोनदा, साहेब. तुमी उचललाच नाय."
खरं असेल. अनोळखी नंबर मीही उचलत नाही.
दुपारी पाळी सुटायच्या आधी गेटवर शुकशुकाट असतो, तेव्हा बोलतात म्हणे. नागलीची भाकरी कशी थापायची, कुणाची म्हैस व्याली, गुडघ्याला काय लावायचं. मी परत आल्यावरही चालूच, मी झोपलेलो असताना; दुपारी ती एका रिंगवर कट करत नाही. त्याला पैशाचं काहीच माहीत नव्हतं. सांगितलं तर घाबरला. "पगारातून कापतील का?" म्हटलं नाही रे बाबा, तुझा काय संबंध.
चहा पाजला त्यानं. मी बोलायचं बरंच काही ठरवून गेलो होतो. पण रागावू कुणावर?
निघताना म्हणाला, "आजीला सांगा, इळतीची पाती आंबाडीत घालून बघितली, लय भारी लागती." काय ते मला कळलं नाही. तिला कळेल बहुधा.

२९ मार्च
पूर्वाला सगळं सांगितलं. तिनं वर विचारलं. उत्तर: चूक ग्राहकाची. तरी एकदाच खास बाब म्हणून निम्मं माफ करतील. अट एकच, फॉरवर्ड मी आधी काढायचं, काढल्याचं सिस्टिममध्ये दिसलं पाहिजे, ३१च्या आत. बाकीचं निम्मं मी भरायचं.
म्हणजे सुटलो. एक कोड दाबायचा, बस.
सु.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती, थांबली. "मग दुपारी आईंशी कोण बोलणार?"
मी बोलेन म्हटलं.
ती पुन्हा भाजी निवडायला लागली.

३० मार्च
पाडवा. गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला. श्रीखंड गोडच लागलं नाही.
आज मिस्ड कॉलची वाट न बघता मीच लावला. ठरवून लांब बोलायला बसलो. जेवली का? जेवली. भाजी काय? तिला आठवेना. म्हैस कशी आहे? म्हणाली, "कोनती म्हैस?" तिकडे कोंबडं ओरडत होतं, ते दोघांनी ऐकलं.
शेवटी तीच म्हणाली, "आज तुना आवाज बरा नही. दुपारले चांगला बोलस तू."
आपल्याच आईला आपला आवाज परका, आणि त्या पोराचा आपला. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. जळलोसुद्धा.

३१ मार्च
सकाळी पूर्वाचा मेसेज: सर, आज संध्याकाळपर्यंत.
कोड कागदावर लिहून घेतलाय. दोनदा टाईप केला, खोडला. निम्मं माफ आणि आई एकटी. की पूर्ण भरू, फॉरवर्ड राहू दे, वॉचमननं माझ्या आईचं लेकरू व्हावं आणि मी आतल्या खोलीत घोरत पडावं? गायत्रीला विचारलं तर म्हणेल, दोघंही बोला ना. तिचं सगळंच सोपं असतं.
आज दुपारी झोपलो नाही. फोन सायलेंटवर टाकला नाही. आईचा आला. पहिल्या रिंगला उचलला, झडप घालून.
"जेवना का रे?"
"जेवलो. वांग्याची भाजी होती." भाजी आधीच सांगून टाकली, शहाणपणानं.
"हं." मग हळूच, शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "तो कोठे शे?"
"कोण?"
"तो दुसरा. दुपारना. त्याले दे ना."
म्हणजे तिला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. मग काल मला 'दुपारले चांगला बोलस तू' म्हणाली ती का? विसरली होती, की मला लागू नये म्हणून? विचारता येईना. म्हटलं, आई, तो इथे नाही, तो ड्यूटीवर आहे, लांब.
"बरं," म्हणाली. रागावली नाही. "मी परत लावस. तू उचलू नको."
कट.
समोर कोडाचा कागद आहे. ऊन उतरायला लागलंय, गॅलरी सातला बंद होते.
फोन वाजतोय. आईच. सु. आतून विचारतेय, अहो, उचलत का नाही.