माझ्यामागे भिंतीवर कोण असावे

मी, भागीरथी दगा सैंदाणे, राहणार नवागाम, सुरत, वय चौऱ्याहत्तर (आधारकार्डावर एकाहत्तर आहे, ती चूक कार्डाची), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात करत आहे. लिहून घेणारे वाल्मिक गुरुजी म्हणाले, राग लिहू नये, कोर्टात चालत नाही. मी म्हटले, मग कोर्टाने तेवढा शब्द सोडून वाचावे. यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी पुष्कळदा केले, पण ते घरात कुणी ऐकले नाही.

१. नवागाममधील घर, खाली एक खोली व वर एक, मी आणि माझ्या दिवंगत पतीने उधन्याच्या कापड कारखान्यात राबून बांधले. ते लूम चालवत, मी एकतीस वर्षे सुताच्या बॉबिन भरल्या. हे घर माझा मुलगा योगराज यास मिळावे, पण पुढच्या कलमातली अट पाळली तरच. न पाळल्यास माझी मुलगी रंजना हिला मिळावे. रंजनाला भिंतीत खिळा ठोकता येतो, हे मला माहीत आहे.

२. शेजारची गायत्री चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. तिने मला अकरा रविवार दाराजवळच्या स्टुलावर बसवून माझे रंगीत चित्र काढले. हसू दिले नाही. पडलेले दोन दात, गळ्याची लोंबती कातडी, सूत घासून उजव्या तर्जनीला पडलेली खाच, सगळे जसेच्या तसे काढले. एकट्या खाचेला तिने पूर्ण रविवार घेतला. ते बोट इतका वेळ कुणीच पाहिले नव्हते. ज्या शेठसाठी झिजले, त्यानेही नाही.

योगराज चित्र पाहून म्हणाला, "माय, लोके काय म्हनतीन? पोऱ्या मायले उपाशी ठेवस का?" मग त्याने गायत्रीला दात भरून द्यायला आणि गळ्यात सोन्याची पोत काढायला सांगितले. ती नाही म्हणाली, तर चित्र पलंगाखाली गेले, तोंड फरशीकडे करून. जिवंत आईला असे पालथे घालतात का?

वर त्याने स्टुडिओतून माझा फोटो आत्ताच बनवून आणला आहे, मी गेल्यावर सुतक फिटते त्या गंधमुक्तीच्या दिवशी हार घालायला. त्यात एक गोरीपान बाई हिरव्या पैठणीत बसली आहे. केस काळे, दात बत्तीस. त्या बाईने आयुष्यात एक बॉबिन भरलेली नाही. तिच्यापुढे बसून माझ्या नावाने कुणी रडू नये.

तर अट अशी : गंधमुक्तीला आणि त्यानंतर कायम, दारातून दिसेल असे, समोरच्या भिंतीवर गायत्रीचेच चित्र लावावे. पैठणीवाली स्टुडिओला परत करावी.

३. गायत्रीला ते स्टूल द्यावे, आणि चित्र वर्षातून एकदा प्रदर्शनाला नेऊ द्यावे. पण कॉलेजात तिने चित्राखाली 'वृद्ध स्त्री : एक अभ्यास' अशी चिठ्ठी लावली होती. इतकी वर्षे काढून मी काय कुणाचा गृहपाठ झाले? चिठ्ठीवर माझे पूर्ण नाव घालावे, आणि 'बॉबिन कामगार, उधना' हेही.

४. माझी चांदीची कडी योगराजची मुलगी मयुरी हिला. चित्र पाहून घरात पहिली तीच बोलली, "बा, आ तो तमे ज छो!" म्हणजे, आजी, ही तर तुम्हीच. शाळा गुजराती आहे, पण नजर शाबूत आहे.

५. हे लिहिताना गुरुजींनी दोनदा पेन खाली ठेवले.

माझे पती एकोणीस वर्षांपूर्वी वारले. त्यांचा एकच फोटो होता, कारखान्याच्या पासावर चिकटवलेला. तो सोलून स्टुडिओत दिला. तिथे त्यांना कोट-टाय चढवला, रंग उजळला, आणि लूमचा धोटा उडून भुवईवर झालेला व्रण पुसून टाकला. मूळ फोटो परत मिळाला नाही. यात योगराजचा दोष नाही. स्टुडिओवाल्याने चार कोट दाखवले, त्यातला निळा मीच पसंत केला. जन्मभर बनियनवर राबलेल्या माणसाला एकदा तरी कोट घालावा, एवढेच मनात होते.

आज तो व्रण डाव्या भुवईवर होता की उजव्या, ते मला आठवत नाही. डोळे मिटले तरी कोटच येतो. खाली सही करणारे काशिनाथभाऊ माझ्या पतीच्या शेजारच्या लूमवर बावीस वर्षे होते. त्यांना विचारले. ते म्हणाले, "वहिनी, माले बी आते तो कोटवालाच दखास."

म्हणून कोटवाल्याला माझ्या शेजारी टांगू नये. फोटो भिंतीवरून उतरवावा, त्याचा खिळा काढू नये. हार दोन आणावेत. एक माझ्या चित्राला घालावा आणि दुसरा त्या रिकाम्या खिळ्याला. तिथे माझे मालक आहेत.

सही (अंगठा नव्हे) : भागीरथी दगा सैंदाणे

साक्षीदार :
१. काशिनाथ लोटू बागुल, निवृत्त लूम कामगार
२. मंदा धुडकू महाजन, शेजारीण

लिहून घेणार : वाल्मिक गुरुजी, निवृत्त शिक्षक

ठिकाण : नवागाम, सुरत
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार