वाटतच नाहीस

मंगळवार, संध्याकाळ. डहाणू

डोकं अजून शांत होत नाही. मी नर्स म्हणून कशी दिसते ते बघायला आई आज तलासरीहून पहिल्यांदाच आमच्या दवाखान्यात आली. काउंटरवरच्या मॅडम तिला म्हणाल्या, "ए, खुर्चीवर नको, बाहेर बस." नुसतं "ए". मागून आलेल्या बाईंना मात्र "आवो बेन, बेसो".

मी धावले. "मॅडम, ही माझी आई."

"अय्या! तू आदिवासी वाटतच नाहीस गं!"

हे म्हणे कौतुक!

"आहे मी आदिवासी. आणि माझ्या आईला 'ए' नाही, 'अहो' म्हणायचं." सगळ्यांसमोर बोलले. का बोलू नये?

तर आईनेच मॅडमपुढे हात जोडले. "पोरगी नादान आहे बाई, तिला कामावरून काढू नका." आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.